डावी लस की उजवी?

मार्चमध्ये दोडामार्गला मावशीकडे गेलं की पडवीत रिकाम्या हाताने बसता येत नाही. काजूचा हंगाम असतो. बोंडूंचा ढीग पडलेला असतो आणि एकेका बोंडूची बी पिळून वेगळी करायची असते. यंदा मी अर्धाच हात लावत होते, कारण मांडीवर लॅपटॉप होता आणि एक प्रश्नावली रात्रीपर्यंत भरून पाठवायची होती.

“काय गो, परीक्षा देतेस काय?” मावशीने विचारलं.

मावशी तेहतीस वर्षं एएनएम होती, वाडीवरच्या भाषेत नर्सबाई. शेवटची बरीच वर्षं याच तालुक्यातल्या उपकेंद्रात काढून ती निवृत्त झाली. मी आरोग्याचं अर्थशास्त्र शिकले. गरीब देशांसाठी पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कोणत्या नव्या लशी तयार व्हाव्यात याचा क्रम लावायची जी कामं चालतात, त्यातली थोडी आकडेमोड माझ्याकडे असते. तिने आयुष्यभर लशी टोचल्या, मी त्यांचे तक्ते करते.

मी तिला पडदा दाखवला. दोन काल्पनिक लशी शेजारी-शेजारी होत्या. डावी लस पाच वर्षांखालच्या मुलांचे पुष्कळ मृत्यू टाळते, पण औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर तिचा काही परिणाम नाही. उजवी मृत्यू थोडेच टाळते, पण अशा जंतूंचा फैलाव रोखते. बाकी सगळं सारखं. कोणती निवडाल? एकीवर टिक करायची की पुढची जोडी येते. तीसेक जोड्या संपल्या की माणूस कशाला किती वजन देतो ते कळतं. अशा पुष्कळ जणांची वजनं एकत्र केली की यादी तयार होते. डब्ल्यूएचओने नोव्हेंबर २०२४ मध्ये सतरा रोगजंतूंची यादी जाहीर केली, तीही वेगवेगळ्या खंडांतल्या तज्ज्ञांकडून निकषांना वजनं घेऊनच. टीबी, मलेरिया, डेंगी, काळा आजार, शिगेला, एचआयव्ही, घसा बिघडवणारा स्ट्रेप्टोकोकस, असे सतरा.

“त्या सतरांत माकडताप आहे?”

“नाही.”

“बरं,” मावशी म्हणाली आणि बोंडू पिळत राहिली. तिचं ‘बरं’ मी लहानपणापासून ओळखते. त्याच्यानंतर दहा मिनिटांत खरं बोलणं सुरू होतं.

माकडताप या भागात २०१६ च्या हंगामात आला. त्याआधी तो कर्नाटकाचा आजार समजला जायचा. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडायला लागली, त्यांच्यामागे माणसं आजारी पडली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, तो विषाणू शोधून काढला. गोचिडीतून येतो. जंगलात लाकूडफाट्याला, काजूला, पाचोळ्याला जाणाऱ्याला होतो. डिसेंबरपासून पावसापर्यंत त्याचा काळ, म्हणजे नेमका आमच्या काजूचा.

“वाडीतला एक गडी होता,” मावशी म्हणाली. दहा मिनिटंही झाली नव्हती. “बागेतली झाडी साफ करायला जायचा. ताप आला, डोकं फुटतंय म्हणाला, डोळे लालभडक, मग हिरड्यांतून रक्त. पहिल्या दवाखान्यात डेंगी म्हणून चार दिवस घालवले. नमुना पुण्याला गेला. रिपोर्ट आला तेव्हा त्याचा दहावा होऊन गेला होता. नोंदवहीत काय लागलं असेल सांग.”

“ताप.”

“ताप. आता तुझ्या तक्त्यात तो कुठे आला?”

मी तिला माझी बाजू सांगितली, आणि ती मला आजही पटते. माकडतापाचे वर्षाला चारशे-पाचशे रुग्ण असतील असा अंदाज आहे. शंभरातली तीन ते पाच माणसं दगावतात. टीबीने २०२३ या एका वर्षात जगात साडेबारा लाख माणसं गेली. मलेरियाने दरवर्षी सहा लाखांच्या आसपास, आणि त्यातली बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांच्या आतली मुलं. एका लशीला प्रयोगशाळेतून बाहेर पडून बाळाच्या दंडापर्यंत यायला दहा-पंधरा वर्षं तर लागतातच. टीबीची एम७२ नावाची जी लस सध्या शेवटच्या चाचणीत आहे, त्या एका चाचणीचाच खर्च ५५ कोटी डॉलरच्या घरात आहे. पैसा मोजका, शास्त्रज्ञ मोजके. कुणाला तरी आधी घ्यावं लागतं आणि कुणाला तरी थांब म्हणावं लागतं.

“आणि थांब कुणाला म्हणायचं हे मोजून ठरवलं नाही ना मावशी, तर ज्याचा आवाज मोठा त्याचं होतं. नाहीतर ज्याचा खिसा मोठा त्याचं. आकडे नसते तर जगात आधी कुठल्या लशी झाल्या असत्या? ज्या विकून पैसे मिळतात त्या. यादी ही गरिबाच्या बाजूने भांडणारी गोष्ट आहे.”

“आकड्यांना मी नाही म्हणत नाही,” ती म्हणाली. “दर महिन्याचा रिपोर्ट मीच लिहायची. म्हणून तर विचारते. आकडा येतो कुठून ते मला माहीत आहे.”

इथे तिने माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. आपल्या देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी ज्यांचं कारण डॉक्टरने लिहून दिलेलं असतं, असे मृत्यू पाव हिश्श्यापेक्षाही कमी भरतात. उरलेल्यांचा हिशेब अंदाजाने लावतात. घरच्यांना विचारून, शेजारच्या जिल्ह्यावरून, गणिताने. आफ्रिकेतल्या अनेक देशांत याहून बिकट अवस्था आहे. म्हणजे ज्या रोगाची तपासणी स्वस्त आणि सोपी, तो आकड्यांत दिसतो. ज्याचा नमुना दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, तो ‘ताप’ होऊन मागे राहतो. टीबी आणि मलेरिया यादीत वर असण्यात काही चूक नाही. खाली कोण राहिलं, एवढीच शंका उरते.

खालच्यांना विसरण्याची किंमत काय असते, तेही मला ठाऊक होतं. तो मुद्दा माझ्याच विरोधात जात होता, तरी मी तिला सांगितला. इबोलाने १९७६ पासून २०१३ पर्यंत, म्हणजे सदतीस वर्षांत, मिळून साधारण सोळाशे माणसं मारली. कुठल्याही तक्त्यात तो तळाला गेला असता, आणि गेलाच. कॅनडात विनिपेगच्या सरकारी प्रयोगशाळेत त्याच्यावर लस तयार होती. माकडांवर ती लागू पडते हे २००५ मध्ये छापूनही आलं होतं. पुढच्या चाचण्यांना पैसे घालायला कुणी आलं नाही. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत साथ भडकली आणि दोन वर्षांत अकरा हजारांवर माणसं गेली. मग तीच लस बाहेर काढली, २०१५ मध्ये गिनीत रुग्णांच्या आसपासच्या माणसांना टोचली, आणि तिने काम केलं.

“दहा वर्षं कपाटात?”

“दहा वर्षं. त्यानंतर लोकांना जाग आली. २०१७ मध्ये साथींच्या लशींसाठी सेपी नावाची वेगळी संस्था काढली, भारत तिच्या संस्थापकांत आहे. लासा ताप, मर्स, निपाह असे आजार तिने घेतले.”

“आणि माकडताप?”

“तो माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे जगभर पसरायची भीती नाही.”

“म्हणजे जगाला भीती नाही म्हणून.”

मी उत्तर दिलं नाही. बोंडू आता हातात चिकट झाले होते आणि कीबोर्डवर बोटं नेता येत नव्हती. तिने सूप माझ्याकडे सरकवलं. मी लॅपटॉप मिटला.

मग ती एका मुलीबद्दल बोलली. माकडतापापेक्षा तिला हीच गोष्ट जास्त सांगायची होती, असं मला आता वाटतं. सातवीतली मुलगी होती. दोन वर्षांपूर्वी गुडघे सुजले होते, घरच्यांना वाटलं खेळताना लागलं असेल. त्याआधी कधीतरी घसा धरला असणार, पण घसा दुखला म्हणून दवाखान्यात कोण जातं? जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा कळलं की हृदयाची झडप खराब झाली आहे. मग दर एकवीस दिवसांनी पेनिड्युअर, म्हणजे पेनिसिलिनचं इंजेक्शन.

“तू ते इंजेक्शन पाहिलंस कधी? दुधासारखं दिसतं आणि इतकं दाट असतं की सुई तुंबते. हळू सोडावं लागतं, आणि हळू सोडलं की जास्त दुखतं. आधी कातडीत थोडं घालून चाचणी करायची, अर्धा तास बसवायचं, कारण रिॲक्शनची भीती. कितीतरी डॉक्टर द्यायलाच नको म्हणतात. ती पोर मंगळवारी सकाळी यायची, टोचून घ्यायची आणि लंगडत शाळेत जायची. चार वर्षं दिलं मी तिला. मग लग्न होऊन गेली. पुढे कोण देतंय माहीत नाही. बाळंतपणात त्या झडपेचं काय होतं ते तुला सांगायला नको. त्याला लस नाही?”

“नाही. पण तो जंतू यादीत आहे.”

“आहे?”

“आहे, सतरांमध्ये. पण ज्यांच्यावर अजून मुळातलं संशोधनच व्हायला हवं, त्या गटात.”

ही गोष्ट मला सावकाश सांगावी लागली, कारण ती मला नेहमी बेचैन करते. या झडपेच्या आजाराने, रुमॅटिक हृदयरोगाने, जगात दरवर्षी तीन लाखांच्या आसपास माणसं जातात आणि ती जवळपास सगळी गरीब देशांतली, तरुण, त्यात बायका पुष्कळ. श्रीमंत देशांत शंभर वर्षांपूर्वी हा आजार घरोघर होता. घरं सुधारली, गर्दी कमी झाली, पेनिसिलिन आलं आणि तिकडून तो जवळजवळ गेला. त्याच सुमारास, १९६० च्या दशकाच्या शेवटी, अमेरिकेत एका जुन्या पद्धतीच्या लशीची एकवीस मुलांवर चाचणी झाली. ही मुलं रुमॅटिक ताप आलेल्यांची भावंडं होती. लस घेतलेल्यांपैकी काहींना तोच ताप आला. लशीमुळेच आला का, हे इतक्या थोड्या मुलांवरून नक्की सांगता येत नव्हतं. पण धसका बसला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा लशींवर बंदी घातली आणि ती २००६ मध्ये उठली. सत्तावीस वर्षं. नवीन शास्त्र कुठल्या कुठे गेलं, बंदी तशीच राहिली. कारण ती उठावी म्हणून दारात बसणारं तिथे कुणी नव्हतं. ज्यांची मुलं आजारी होती, ते त्या दारापासून फार लांब होते.

मावशीने हातातली बी सुपात टाकली. “म्हणजे यादीत नाही म्हणून त्या गड्याला लस नाही. आणि यादीत आहे तरी ह्या पोरीला नाही.”

तिच्या या वाक्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. त्या वेळी मी जे बोलले ते उत्तर म्हणून नव्हे, तर हरायचं नव्हतं म्हणून. मी म्हटलं, ठरवून केलं तर होतं हेही ऐक. आणि मी तिला मेनआफ्रिव्हॅक या लशीची गोष्ट सांगायला लागले. पुण्यात बनलेल्या गोष्टीचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेच्या पोटावरून एक पट्टा जातो. तिथे डिसेंबर ते जून कोरडे वारे सुटतात, धूळ उडते, घसे सोलवटतात आणि मेनिंजायटिसच्या साथी येतात. मेंदूवरच्या आवरणाला सूज येते. मूल सकाळी खेळत असतं आणि दुसऱ्या दिवशी जातं. जगलं तरी कधीकधी बहिरं होऊन. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून जास्त रुग्ण झाले आणि पंचवीस हजार माणसं गेली. यातल्या बहुतेक साथींना ‘ए’ गटाचा जंतू कारण होता. श्रीमंत देशांत ‘सी’ गटाचा त्रास होता, त्यामुळे ‘सी’साठी चांगली लस निघाली. ‘ए’साठी गिऱ्हाईक नव्हतं. २००१ मध्ये डब्ल्यूएचओ आणि पाथ नावाची संस्था यांनी मिळून, गेट्स फाउंडेशनच्या सात कोटी डॉलरवर, फक्त या एका लशीसाठी प्रकल्प काढला. प्रमुख होते डॉ. मार्क लाफोर्स.

“त्यांनी सुरुवात कशी केली माहीत आहे? आधी आफ्रिकेतल्या आरोग्य खात्यांना जाऊन विचारलं, तुम्हाला काय परवडेल? तिकडून उत्तर आलं, डोसला अर्ध्या डॉलरपेक्षा कमी. जास्त असेल तर बनवूच नका, आम्हाला घेता येणार नाही.”

“असं म्हणाले?”

“असंच. मग त्या किमतीत बनवून देणारा शोधला. मोठ्या कंपन्यांशी काही जमलं नाही. शेवटी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट तयार झाली. जंतूची साखर-साखळी प्रथिनाला जोडायची रीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी दिली, कच्चा माल ॲमस्टरडॅमहून आला, आणि लस बनली मांजरीला नाहीतर हडपसरला, जे काय म्हणशील ते. ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोत पहिली देशव्यापी मोहीम सुरू झाली. दहा-बारा दिवसांत एक कोटीच्या वर लोकांना लस टोचली.”

“किती वयाचे?”

“एक ते एकोणतीस.”

मावशी एकदम ताठ बसली. तिचे डोळे बघून मला कळलं की ती आकडा ऐकत नाहीये, रांग बघत्येय. “दहा दिवसांत कोट? आणि बर्फाचं काय केलं त्यांनी? तिथे तर ऊन.”

मी म्हटलं की पुढे त्याचीही सोय झाली. २०१२ पासून ही लस चाळीस अंशांपर्यंत, चार दिवस बर्फाबाहेर ठेवायला परवानगी मिळाली. अशी अधिकृत परवानगी मिळालेली आफ्रिकेतली ही पहिली लस.

ती उठून आत गेली आणि फ्रीजरमधून एक जुना आईस पॅक घेऊन आली. निळसर प्लास्टिकचा, कडा घासलेल्या. कोपऱ्यावर पेनने लिहिलेला नंबर अर्धा पुसलेला. तो तिने माझ्या हातात दिला. दगडासारखा घट्ट होता.

“हलव.”

हलवला, काही नाही.

“काही ऐकू येतं? नाही ना. असा कॅरियरमध्ये घातला तर पेंटा लशीची बाटली गोठते. गोठली की वाया. बाहेरून दिसतं काहीच नाही. बाळाला टोचतो आपण, आईला सांगतो पुढच्या महिन्यात ये, आणि आत औषधच मेलेलं असतं. म्हणून सकाळी सत्राला निघायच्या आधी पॅक ओट्यावर मांडून ठेवायचे. घाम येऊ द्यायचा. मग एकेक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी खळखळलं की घालायचा.” तिने तो ओल्या फडक्यावर ठेवला. “उष्णतेचं सगळ्यांना कळतं. बाटलीवर चौकोन असतो, तो काळा पडतो. गोठण्याचं कळत नाही. मला सांग, तुझ्या प्रश्नावलीत हे कुठे आहे?”

प्रश्नावलीत एक निकष होता खरा, ‘अंमलबजावणीची सुलभता’. त्याला तीन पायऱ्या होत्या. कमी, मध्यम, जास्त. मी तो तिला वाचून दाखवला नाही.

आणि तिने मला आणखी एक दाखवून दिलं, जे मी इतक्यांदा ही गोष्ट सांगूनही नीट पाहिलं नव्हतं. मेनिंजायटिस-ए हा सरासरीत मावणारा आजार नव्हता. काही वर्षं शांत, मग एका हंगामात गावंच्या गावं आडवी. दहा वर्षांची सरासरी काढली तर मलेरियाच्या पासंगालाही पुरला नसता. पण तिथल्या लोकांनी हाच आजार सगळ्यात आधी मागितला. का? “कारण साथीत सगळं बंद होतं,” मावशी म्हणाली, जणू ती तिथे होती. “शाळा बंद, बाजार बंद. बाकीची लसीकरणंही बंद, कारण सगळ्या नर्सा त्यातच. २०१६ ला आमचं तेच झालं. काजूला कुणी जाईना. वर्षाचं उत्पन्न झाडाखाली कुजलं. ते कुठल्या रकान्यात घालतेस?”

तीस कोटींहून जास्त लोकांनी ती लस घेतली. २०१७ नंतर ‘ए’ गटाचा खात्रीचा रुग्ण त्या पट्ट्यात सापडलेला नाही. लगेच मी जोडलं, कारण फक्त आनंदाची बाजू सांगणं खोटं झालं असतं: ‘ए’ गेल्यावर ‘सी’ने डोकं वर काढलं, नायजर आणि नायजेरियात मोठ्या साथी आल्या. मग पाच गटांवर चालणारी नवी लस करावी लागली. तीही पुण्याहून, २०२३ मध्ये मान्य झाली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने आधी घेतली. निवड एकदा करून संपत नाही.

एका मुद्द्यावर मात्र मावशी मागे हटली. मलेरियाची पहिली लस, आरटीएस,एस, १९८७ मध्ये सुरू झाली आणि डब्ल्यूएचओची शिफारस २०२१ मध्ये आली. चौतीस वर्षं. चार डोस, आणि चार वर्षांच्या पाहणीत आजार टाळण्याचं प्रमाण शंभरात छत्तीसच्या आसपास. मी आकडे सांगितले तेव्हा तिने सरळ डोकं हलवलं. “चौथ्या डोसाला आई येत नाही. मी सांगते ना. शिमोग्याकडे माकडतापाच्या लशीचं तेच झालं. दुखायची, परत-परत घ्यायची. आणि छत्तीस? अशी लस घेऊन मी कुठल्या तोंडाने घरोघर जाऊ?”

तेव्हा मी घाना, केनिया आणि मलावीचं सांगितलं. २०१९ पासून तिथे याच लशीचा पथदर्शी कार्यक्रम झाला. लस जिथे दिली तिथे, त्या वयाच्या मुलांमध्ये कुठल्याही आजाराने होणारे मृत्यू मिळून तेरा टक्क्यांनी घटले. सगळ्या डोसांना सगळ्या आया आल्या नव्हत्या, तरीही.

“सगळ्या मृत्यूंपैकी तेरा?”

“सगळ्या मृत्यूंपैकी. अपघात सोडून.”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तर मग मी गेले असते. माझी चूक. शंभरातली तेरा पोरं म्हणजे आमच्या एका अंगणवाडीचा अर्धा वर्ग.” आता ऑक्सफर्डने केलेली आणि पुण्यात बनणारी आर२१ आली आहे, डोसला चार डॉलरच्या आत. माझ्या मते आकड्यांचं खरं काम हेच आहे. डोळ्यांना जे दिसत नाही, म्हणजे न मेलेलं मूल, ते आकडा दाखवतो. मावशीच्या अनुभवाला ते कधी दिसलं नसतं.

पण आकड्यांच्या बाजूने सगळ्यात मोठी केस टीबीची, आणि तिथेच ती सगळ्यात जास्त लुळी पडते. बीसीजी लस १९२१ सालची. बाळांना मेंदूच्या टीबीपासून वाचवते, मोठ्यांच्या फुप्फुसाला नाही. तामिळनाडूत चिंगलपेटला १९६८ पासून केलेल्या प्रचंड चाचणीने हेच सांगितलं. २०१८ मध्ये एम७२ चे निकाल आले: अंगात जंतू असलेल्या प्रौढांत फुप्फुसाचा टीबी साधारण निम्म्याने कमी. शंभर वर्षांतली सगळ्यात आशेची बातमी. पुढची मोठी चाचणी सुरू झाली मार्च २०२४ मध्ये. सहा वर्षं मधे गेली. कोविडची पहिली लस विषाणू ओळखल्यापासून वर्षाच्या आत वापरात आली होती. टीबी प्रत्येक यादीत, प्रत्येक तक्त्यात वर आहे. जगातले चौथाईच्या आसपास रुग्ण आपल्या देशात आहेत. मग ती सहा वर्षं कशात गेली? कंपनीला बाजार दिसेना, देणगीदार गोळा होईपर्यंत वेळ गेला. मोजणीने क्रम लागतो. पैसा त्या क्रमाने येतोच असं नाही.

ऊन कलल्यावर मी तिला माझं शेवटचं म्हणणं सांगितलं. माकडतापाची लस जिनिव्हाने का करावी? ती आपण करायची. जुनी लस कर्नाटकाच्या सरकारी संस्थेनेच केली होती, जी मुळात गुरांच्या लशी करते. त्या लशीचा गुण उरला नाही म्हणून २०२२ मध्ये ती बंद झाली. आता आयसीएमआर आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स नव्या लशीवर काम करताहेत. जगाच्या यादीत सगळं येऊ शकत नाही. पाच राज्यांच्या आजाराची जबाबदारी त्या पाच राज्यांच्या सरकारांची.

“पटलं,” ती म्हणाली. “पण मग आपली यादी कुठे आहे? जगाची तू भरतेस. महाराष्ट्राची कोण भरतं? गोव्याची? मला कुणी कधी विचारलं नाही. तेहतीस वर्षांत एकदाही.”

मी पुन्हा लॅपटॉप उघडला. हात धुतले होते तरी बोटांना बोंडूचा वास होता. जोड्या मी भरत गेले. काही ठिकाणी तिला विचारून, काही ठिकाणी तिच्या विरुद्ध. मुलांचे मृत्यू आणि उत्पन्न बुडणं, या जोडीत मी मुलांना टिक केलं, ती म्हणाली थांब, मी थांबले नाही. शेवटच्या पानावर ‘इतर काही मुद्दे’ असा चौकोन होता. पाचशे अक्षरांची मर्यादा.

“त्यात लिही,” मावशी म्हणाली.

“काय?”

“लिही की डोस देणारीला विचारा. असं नको, थांब. तसं लिहिलं की कोण वाचत नाही. नीट लिही. काही लशींच्या एका बाटलीत दहा डोस असतात. वाडीवर बाळं असतात तीन. उघडू की नको, हे आम्ही रोज ठरवतो. उघडली तर सात जातात, नाही उघडली तर तिघं परत जातात आणि पुन्हा येत नाहीत. म्हणून नवीन लस जी कराल ती एकेका बाळापुरत्या बाटलीत करा, थोडी महाग पडली तरी. झालं का? किती अक्षरं उरली?”

“दोनशे अडतीस.”

“मग बर्फाचं पण घाल.”